दंत महाविद्यालयाची निवड : पसंतीक्रमापासून रुग्णाच्या खुर्चीपर्यंत

नीट परीक्षेचा निकाल लागतो, राज्याची गुणवत्ता यादी जाहीर होते आणि मुळशी तालुक्यातील पिरंगुट, पौड, कोळवण किंवा माले येथील एखाद्या कुटुंबाच्या लक्षात येते की एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकणार असली तरी बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकातील पदवीची जागा मिळण्याजोगी आहे. तेथून एक कोडे सुरू होते. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी महाविद्यालयात शुल्क कमी, पण घर फार लांब. पुण्यातील खासगी महाविद्यालय रोज जाऊन-येऊन करण्याजोगे, पण शुल्क काही पटींनी अधिक. आणि धनकवडी किंवा पिंपरी येथील अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयाचे नाव मोठे, आवार मोठे, परंतु शुल्काचा आकडा सर्वांत मोठा. पदवीचे नाव तिन्ही ठिकाणी तेच असते, अभ्यासक्रमाची चौकट भारतीय दंत परिषदेने आखून दिलेली असल्यामुळे तीही बहुतांशी तीच असते, आणि पदवीनंतर व्यवसायासाठी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे करावयाची नोंदणीही सर्वांना सारखीच असते. असे असताना एका महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर पहिल्याच दिवशी दाढ काढण्यास धजतो आणि दुसऱ्याला आणखी दोन वर्षे कोणाच्या तरी दवाखान्यात हात बसवावा लागतो, याचे कारण काय असावे?

ते कारण इमारतीत किंवा जाहिरातीत सापडत नाही. विद्यार्थ्याला शिकताना किती रुग्णांवर, किती वेळा आणि कोणाच्या देखरेखीखाली काम करावयास मिळाले, यात ते दडलेले असते. ते ओळखता येण्यासाठी आधी जागा कशी मिळते, नंतर दंतवैद्यक कसे शिकले जाते आणि शेवटी त्यासाठी पैसा किती व कोठून लागतो, या तीन गोष्टी क्रमाने समजून घ्याव्या लागतात.

जागा ठरते कशी

अमेरिकेत दंतवैद्यक शिकू इच्छिणारा विद्यार्थी अनेक महाविद्यालयांकडे अर्ज पाठवतो, त्यांच्या मुलाखतींना जातो आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून आलेली प्रवेशपत्रे समोर ठेवून त्यांतून एक निवडतो. भारतात असे क्वचित घडते. येथे दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी नीट ही एकच परीक्षा सक्तीची आहे, जागावाटप मध्यवर्ती पद्धतीने होते आणि विद्यार्थ्याच्या हाती एका फेरीत एका यंत्रणेकडून एकच जागा येते. म्हणजेच निवड जागा मिळाल्यानंतर होत नाही. ती पसंतीक्रमाचा अर्ज भरताना, जागा मिळण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. हा फरक लक्षात न आल्यामुळे अनेक पालक अर्ज घाईने भरतात आणि खरा विचार जागा पदरात पडल्यावर सुरू करतात.

या वाटपासाठी दोन यंत्रणा आहेत. राज्यातील सरकारी व खासगी महाविद्यालयांच्या जागा महाराष्ट्र राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील सीईटी सेल, कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून वाटतो. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, आणि त्या जागा व अभिमत विद्यापीठांच्या सर्व जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, वाटते. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे आणि पसंतीक्रमही वेगळा असतो. महाराष्ट्राच्या प्रक्रियेत एमबीबीएस आणि बीडीएस हे दोन्ही अभ्यासक्रम ‘अ’ गटात येतात, त्यामुळे दोहोंची महाविद्यालये विद्यार्थी एकाच यादीत हव्या त्या क्रमाने लिहू शकतो.

संगणकाने वाटप करण्याची रीत ऐकण्यात वाटते त्यापेक्षा सोपी आहे. आरक्षणाचे प्रवर्ग क्षणभर बाजूला ठेवले तर गुणवत्ता यादीतील पहिल्या विद्यार्थ्याची यादी प्रथम उघडली जाते आणि त्याच्या पहिल्या पसंतीची जागा त्याला दिली जाते. मग दुसऱ्याची यादी उघडते, तिच्यातील पहिली जागा शिल्लक असेल तर ती, नसेल तर दुसरी, तीही नसेल तर तिसरी, अशा क्रमाने शोध चालतो आणि प्रत्येकाच्या वेळी त्याच्या यादीतील सर्वांत वरची उपलब्ध जागा त्याच्या नावे होते. आठवडी बाजाराला निघालेल्या माणसाला घरून ‘आधी मेथी पाहा, नसेल तर पालक घ्या, तोही नसेल तर चवळी आणा’ असे सांगितलेले असते, तेव्हा मेथी विचारल्यामुळे पालक मिळण्याची शक्यता कमी होत नाही. मेथी संपली असेल तर तो माणूस त्याच क्षणी पालकाकडे वळतो. पसंतीक्रमाचेही तसेच आहे. वरच्या क्रमांकावर आवाक्याबाहेरचे महाविद्यालय लिहिल्याने खालच्या महाविद्यालयातील संधी तिळभरही घटत नाही.

यातून निघणारा नियम साधा असला तरी दरवर्षी मोडला जातो. ‘नागपूर काही मिळणार नाही, उगाच पसंती वाया जाईल’ असे म्हणून हवे असलेले महाविद्यालय गाळणे किंवा खाली ढकलणे हे पूर्णपणे अनाठायी आहे, कारण वाया जाण्याजोगे तेथे काही नसते. उलट जेथे जाण्याची तयारीच नाही अशी महाविद्यालये केवळ यादी भरावी म्हणून लिहिणे मात्र महागात पडते. ती जागा नावावर आली आणि नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतील पात्रतेवर परिणाम होऊ शकतो, आणि हे नियम फेरीगणिक कडक होत जातात. प्रवेशाच्या या गणिताचा पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशावर लिहिलेल्या निबंधाने घातला, आणि शॅप्ली यांना ॲल्विन रॉथ यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुणवत्तेची एकच यादी सर्व महाविद्यालयांना लागू असते, तेव्हा विद्यार्थ्याने आपली खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणे हेच त्याच्या सर्वाधिक हिताचे ठरते, हे गणिताने सिद्ध करता येते.

मुळशीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने २०२० मध्ये एक मोठा बदल झाला. त्यापूर्वी वैद्यकीय व दंत महाविद्यालयांत ७०:३० असे प्रादेशिक सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन विभागांत ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांना मिळत आणि ३० टक्के राज्यभरासाठी खुल्या असत. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. त्यामुळे नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी दंत महाविद्यालये पुणे जिल्ह्यातील मुलांना पूर्वीपेक्षा अधिक खुली झाली, आणि त्याचबरोबर मुंबईतील जागांसाठी विदर्भ-मराठवाड्यातील मुलेही बरोबरीने स्पर्धेत आली. ज्या पालकांच्या मनात थोरल्या मुलाच्या वेळचा जुना हिशेब पक्का बसलेला असतो त्यांनी तो सोडून द्यावा. राज्याच्या माहितीपुस्तिकेत डोंगरी भागातील उमेदवारांसाठीही विशिष्ट आरक्षण असते. मुळशीच्या पश्चिम भागातील गावांतील पालकांनी पुस्तिकेतील गावांची यादी आणि त्यासाठी लागणारा दाखला यांची चौकशी निकालाच्या आधीच केलेली बरी, कारण तहसील कचेरीतून दाखला निघण्यास लागणारे दिवस प्रवेशाच्या वेळापत्रकात धरलेले नसतात.

| चौकट : तीन प्रकारची महाविद्यालये |
|---|
| सरकारी व महापालिकेची : मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये ही जुनी व परिचित नावे. शुल्क सर्वांत कमी. विद्यापीठ : नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. |
| खासगी विनाअनुदानित : पुण्यात वडगाव बुद्रुकचे सिंहगड दंत महाविद्यालय, कॅम्पातील आझम कॅम्पसमधील एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय इत्यादी. विद्यापीठ तेच, शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, बहुतेक जागा कॅप फेऱ्यांतून, काही संस्थात्मक कोट्यातून. |
| अभिमत विद्यापीठांची : धनकवडीचे भारती विद्यापीठ, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ, लोणीची प्रवरा संस्था, वर्ध्याजवळील सावंगी येथील संस्था इत्यादींची दंत महाविद्यालये. परीक्षा व पदवी स्वतःची, शुल्कावर राज्याच्या प्राधिकरणाचे नियंत्रण नाही, प्रवेश एमसीसीमार्फत. |

हात कसा तयार होतो

बीडीएसचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत इंटर्नशिप, करावी लागते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन यांच्याबरोबर दातांची रचना शिकवली जाते आणि विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरून काढतो. याला महाविद्यालयात ‘कार्व्हिंग’ म्हणतात. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि दंतसाहित्य हे विषय येतात, आणि कृत्रिम जबडा बसवलेल्या डोक्याच्या प्रतिकृतीवर, म्हणजे ‘फँटम’वर, दात कोरणे-भरणे यांचा सराव होतो. तिसऱ्या वर्षापासून पांढरा कोट घालून विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णाच्या खुर्चीशेजारी उभा राहतो आणि शेवटच्या वर्षी दंतवैद्यकाच्या सर्व मुख्य शाखांची परीक्षा देतो.

मेण आणि प्लास्टिक यांच्यावर जे शिकता येते त्याला मर्यादा आहे. दाताचे बाहेरचे आवरण शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचे असते, वजनाने ९५ टक्क्यांहून अधिक खनिज असते, आणि त्याखालचा थर त्याहून बराच मऊ असतो. किडलेला भाग तर त्याहूनही मऊ, कधी ओलसर आणि चिवट लागतो. कीड काढताना कोठे थांबावयाचे हे डोळ्यांपेक्षा बोटांनी अधिक कळते, कारण हत्याराच्या टोकाला लागणारा प्रतिरोध बदलत जातो. फँटमवरील दात सर्वत्र सारखाच कठीण असतो, त्यामुळे हा बदल त्यावर अनुभवता येत नाही. वरच्या दातांची टाळूकडील बाजू तर थेट दिसतच नाही. ती छोट्या आरशात पाहून काम करावे लागते, आणि आरशात पुढे-मागे ही दिशा उलटी भासत असल्याने सुरुवातीला हात नेमका चुकीच्या बाजूला जातो. ही सवय मोडून नवी बसण्यासाठी तेच काम अनेकदा, चुका लगेच दाखवून देणाऱ्या शिक्षकाच्या उपस्थितीत करणे याला पर्याय नाही.

दंतमूळ उपचाराचे, म्हणजे सर्वत्र आरसीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचाराचे, उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांपैकी गालाकडील पुढच्या मुळात पुष्कळदा एकाऐवजी दोन नलिका असतात. पुस्तकात हे एका वाक्यात लिहिलेले असते, परंतु प्रत्यक्ष तोंडात, लाळ, रक्त आणि रुग्णाची अस्वस्थता यांच्यामध्ये, दाढेच्या तळाशी केसाएवढे ते दुसरे छिद्र शोधणे ही निराळी गोष्ट आहे. ते सुटले तर तीच दाढ पुढे पुन्हा ठणकू लागू शकते. ज्या विद्यार्थ्याने अशा दाढा शिक्षकाच्या नजरेखाली उघडलेल्या असतात तो ते छिद्र शोधल्याशिवाय थांबत नाही.

म्हणूनच परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या परीक्षेपूर्वी ठराविक प्रकारची व संख्येची कामे पूर्ण करावी लागतात. दात काढणे, दात भरणे, हिरड्या साफ करणे, कवळ्या बसवणे, क्ष-किरण प्रतिमा घेणे अशी ती यादी असते आणि विद्यार्थी तिला ‘कोटा’ म्हणतात. जेथे रुग्ण भरपूर असतात तेथे कोटा आपोआप भरतो आणि विद्यार्थी त्यापलीकडे शिकतो. जेथे रुग्ण कमी असतात तेथे विद्यार्थी ओळखीपाळखीच्या लोकांना गोळा करून आणतात, एकाच रुग्णावर अनेकांची नजर असते आणि कोटा भरणे हेच ध्येय होऊन बसते. दोघांच्याही गुणपत्रिका सारख्याच दिसतात, पण हातात फरक उरतो, आणि तो फरक नंतर रुग्ण भोगतो.

महाविद्यालय पाहावयाचे ते ओपीडीत

प्रवेशापूर्वी महाविद्यालय पाहण्यास गेलेले पालक बहुधा प्रवेशद्वार, ग्रंथालय, वसतिगृह आणि वातानुकूलित सभागृह पाहून परततात. दंत महाविद्यालयाचा खरा दर्जा मात्र बाह्यरुग्ण विभागात, सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास, कोणत्याही सोमवारी किंवा मंगळवारी अर्धा तास बसल्यास दिसतो. नोंदणीच्या खिडकीसमोर रांग किती आहे, खुर्च्यांपैकी किती भरलेल्या आहेत, विद्यार्थी काम करीत असताना शिक्षक जवळ उभे राहतात की केवळ शेवटी सही करतात, हे डोळ्यांनी पाहता येते. रांगेतील कितीजणांच्या हाती जुना केसपेपर आहे हेही पाहावे, कारण दंतवैद्यकातील बरीचशी कामे एका भेटीत संपत नाहीत. संपूर्ण कवळीचेच घेतले तर आधी प्राथमिक माप, मग त्या रुग्णापुरता बनवलेल्या साच्यातून अंतिम माप, मग दोन्ही जबड्यांमधील अंतर ठरवणे, मग मेणात बसवलेले दात तोंडात लावून पाहणे आणि शेवटी तयार कवळी बसवणे, अशा किमान पाच फेऱ्या लागतात. सत्तरीतला रुग्ण पाचव्यांदा परत आला तरच विद्यार्थ्याला ते काम आरंभापासून अखेरपर्यंत अनुभवता येते. तो येईल की नाही हे बसथांबा, आकारले जाणारे दर आणि मिळणारी वागणूक यांवर ठरते.

रुग्णांची संख्या जितकी महत्त्वाची तितकाच त्यांचा प्रकारही. लोणी किंवा कराड यांसारख्या ठिकाणी पंचक्रोशीतील शेतकरी व शेतमजूर येतात. त्यांच्यात दुखणे असह्य झाल्यावरच दवाखाना गाठणारे पुष्कळ असल्याने दात काढण्याचे आणि वाढलेल्या जंतुसंसर्गाचे काम अधिक मिळते. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावण्याची सवय ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये अजूनही आढळते, आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी-तंबाखूच्या सवयीमुळे गालाच्या आतील त्वचेखाली तंतू तयार होऊन तोंड उघडेनासे होण्याचा विकार तरुणांतही दिसतो. कर्करोगाची पूर्वलक्षणे ओळखण्याची नजर अशाच बाह्यरुग्ण विभागात तयार होते. उलट कोथरूड-वाकडच्या बाजूच्या शहरी रुग्णांकडून दात सरळ करणे, कॅप, रोपण अशा कामांची मागणी अधिक असते. दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे मिश्रण जेथे आहे, ते महाविद्यालय पदवीच्या विद्यार्थ्याला सर्वाधिक उपयुक्त. या कसोटीवर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी महाविद्यालये सहसा वरचढ ठरतात, कारण उपचार नाममात्र दरात मिळत असल्याने तेथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात.

शेजारी मोठे सर्वसाधारण रुग्णालय असणे हाही लहान मुद्दा नाही. तिसऱ्या वर्षी दंत विद्यार्थ्याला वैद्यकशास्त्र व शल्यशास्त्र हे विषय शिकावे लागतात, आणि मधुमेह, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाचा दात काढण्यापूर्वी काय पाहावे हे वॉर्डात उभे राहूनच कळते. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील दंत महाविद्यालये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना लागून आहेत. धनकवडी, पिंपरी, कराड, लोणी आणि सावंगी येथेही त्याच संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

पदव्युत्तर, म्हणजे एमडीएसचे, अभ्यासक्रम असलेले महाविद्यालय आपोआप चांगले, ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागते. तेथे अनुभवी शिक्षक व गुंतागुंतीचे रुग्ण असतात हे खरे, पण कठीण दाढा, जबड्याची मोडलेली हाडे आणि रोपणाची कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जातात, आणि रुग्णसंख्या माफक असेल तर पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ निरीक्षण येते. शेवटच्या वर्षातील आणि इंटर्नशिप करणाऱ्या दोघातिघांना ‘आतापर्यंत स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्या, किती आरसीटी पूर्ण केल्या’ एवढा एकच प्रश्न विचारल्यास माहितीपत्रकाच्या चाळीस पानांपेक्षा अधिक कळते. इंटर्नना विद्यावेतन मिळते की नाही, मिळत असल्यास किती व वेळेवर का, हेही त्यांच्याकडूनच समजते.

शुल्क, सवलत आणि कर्ज

शुल्काची तुलना करताना पालक सहसा जाहीर झालेले वार्षिक आकडे शेजारी-शेजारी ठेवतात, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते, कारण प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम महाविद्यालयाच्या प्रकारावर आणि विद्यार्थ्याच्या पात्रतेवर अवलंबून असते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या राज्य कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी निश्चित करते आणि ते प्रत्येक महाविद्यालयासाठी वेगळे असते. कॅप फेरीतून अशा महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळू शकतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, त्याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही सवलत शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत कॅपमधून मिळालेल्या जागांसाठी आहे. अभिमत विद्यापीठे आणि संस्थात्मक कोट्यातील प्रवेश तिच्या कक्षेबाहेर आहेत.

याचा परिणाम प्रत्यक्षात फार मोठा होतो. कोळवण खोऱ्यातील एखाद्या कुणबी किंवा मराठा शेतकरी कुटुंबातील मुलीला वडगाव बुद्रुकच्या खासगी महाविद्यालयात कॅपमधून जागा मिळाली तर तिचे शिक्षण शुल्क शासन भरू शकते, आणि तिथून काही किलोमीटरवरील धनकवडीच्या अभिमत विद्यापीठात तीच मुलगी गेली तर संपूर्ण शुल्क घरातून जाते. हे केवळ माहितीअभावी घडू नये. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र ही कागदपत्रे वेळेत नसल्यामुळे हक्काची सवलत हातची गेल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आढळतात, म्हणून बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच ती काढून ठेवणे शहाणपणाचे.

उरलेली रक्कम कर्जाने उभारावयाची असेल तर व्याजाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. उदाहरणादाखल, दोन महाविद्यालयांच्या शुल्कात वर्षाला ३ लाख रुपयांचा फरक असेल तर चार वर्षांत तो १२ लाखांचा होतो. एवढी रक्कम १० टक्के व्याजाने आणि १० वर्षांच्या मुदतीने फेडावयाची झाल्यास मासिक हप्ता सुमारे १५,८५० रुपये येतो आणि एकूण परतफेड १९ लाखांच्या घरात जाते. शिक्षण चालू असताना साचणारे व्याज त्याहून वेगळे. नवा पदवीधर पहिली काही वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात सहायक म्हणून काम करतो, तेव्हा त्याची कमाई बेताची असते, आणि स्वतःचा दवाखाना काढावयाचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाचे ऑटोक्लेव्ह आणि गाळ्याचे भाडे यांसाठी पुन्हा भांडवल लागते. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असताना हे दुसरे कर्ज मिळणे अवघड होते आणि मग पौड-पिरंगुटला दवाखाना काढण्याचा बेत लांबणीवर पडतो. त्यामुळे महाविद्यालयाच्या नावासाठी मोजलेल्या अधिक रकमेचा मोबदला रुग्णसंख्येच्या आणि शिक्षकांच्या रूपात मिळतो का, हा प्रश्न कठोरपणे विचारावा लागतो. तसा मिळत असेल तरच ती रक्कम मोजण्यात अर्थ आहे. देणगी मागितली गेल्यास ती देऊ नये, कारण १९८७ च्या राज्य कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यास बंदी आहे.

अंतर आणि दिवसाचे वेळापत्रक

पौड पुण्यापासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. चांदणी चौकातील नवी उड्डाणपुलांची रचना २०२३ मध्ये खुली झाल्यापासून वडगाव-धनकवडीकडील वाट काहीशी सुकर झाली असली तरी पिंपरीस जाताना हिंजवडी-वाकडची कोंडी चुकत नाही. दंत महाविद्यालयाचा दिवस व्याख्यानाने सुरू होऊन दुपारपर्यंत खुर्चीशी, म्हणजे उभ्याने किंवा वाकून, काम करण्यात जातो आणि त्यानंतर प्रयोगशाळेत कवळीचे दात बसवणे, साचे ओतणे अशी कामे उरतात. अशा दिवसाला रोजचा चार तासांचा प्रवास जोडला तर पहिला फटका अभ्यासाला आणि दुसरा पाठीला बसतो. पिरंगुट-भूगावकडील विद्यार्थ्याला जाऊन-येऊन करणे शक्य आहे; मालेच्या पुढे, ताम्हिणीच्या दिशेने राहणाऱ्याला पावसाळ्यात ते जमणार नाही, आणि त्याच्या बाबतीत पुणे काय नि नागपूर काय, वसतिगृह ठरलेलेच आहे. एकदा वसतिगृहात राहावयाचेच असेल तर घराजवळचे म्हणून महाग महाविद्यालय निवडण्याचे मुख्य कारणच उरत नाही, ही गोष्ट निवड करताना बहुतेकदा नजरेतून सुटते.

दोन जागा समोर असतील तेव्हा

एमसीसी आणि सीईटी सेल यांच्या फेऱ्या एकमेकींच्या आगेमागे चालत असल्याने क्वचित एकाच विद्यार्थ्याला अभिमत विद्यापीठाची एक आणि राज्याच्या कोट्यातील एक अशा दोन जागा मिळतात. दोन्ही धरून ठेवता येत नाहीत. प्रवेश घेताना मूळ कागदपत्रे महाविद्यालयात जमा होतात आणि दुसरीकडे जावयाचे तर पहिल्या जागेचा रीतसर राजीनामा मुदतीत द्यावा लागतो. एमसीसीच्या अलीकडच्या नियमांत पहिल्या फेरीतील जागा नाकारूनही नोंदणीच्या वेळी भरलेली अनामत न गमावता बाहेर पडता येते, दुसऱ्या फेरीपासून अनामत जप्त होऊ शकते, आणि अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत २ लाख रुपये आहे. म्हणून अभिमत विद्यापीठासाठी नोंदणी करण्यापूर्वीच तेथील संपूर्ण शुल्क भरण्याची तयारी आहे का, याचे उत्तर घरात ठरलेले असावे.

राज्याच्या फेऱ्यांत जागा मिळाल्यावर विद्यार्थ्यापुढे आणखी एक निर्णय येतो. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरून ती कायम करता येते, तो भरला की पुढच्या फेऱ्यांत नाव विचारात घेतले जात नाही. तो न भरता नुसता प्रवेश घेतला तर पुढच्या फेरीत यादीतील वरची जागा रिकामी झाल्यास ती आपोआप मिळते आणि आधीची जागा त्याच क्षणी रद्द होते. मग ‘आधीचीच बरी होती’ असे म्हणून परत फिरता येत नाही. पहिल्या फेरीत पुण्यातील खासगी महाविद्यालय मिळालेल्या विद्यार्थ्याने यादीत त्याच्या वर नागपूरचे सरकारी महाविद्यालय लिहिलेले असेल आणि दुसऱ्या फेरीत ते मिळाले, तर त्याला नागपूरलाच जावे लागते. रिटेन्शनच्या अर्जाची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, आणि त्या दिवसांत घरात एकमत होत नसेल तर पसंतीक्रम भरताना मनात असलेला क्रम आजही तसाच आहे का, एवढेच तपासावे. तो तसाच असेल तर अर्ज न भरता पुढच्या फेरीची वाट पाहावी, आणि बदलला असेल तर त्याच दिवशी अर्ज भरून जागा कायम करावी.